उजव्या लेनचे मानकरी

पुण्याहून मुंबईला जायला एक्स्प्रेसवेवर तीन लेन आहेत, हे नानाकाकांना मान्य आहे. त्यांचं म्हणणं एवढंच, की सरकारने त्यातल्या दोन उगाच बांधल्या.

किवळ्याला गाडी वर चढली की ते रीतसर इंडिकेटर देतात, डावी लेन सोडतात, मधली सोडतात आणि दुभाजकाच्या बोगनवेलीला खेटून गाडी आणतात. काटा ८० वर आला की खुर्चीत सैलावतात आणि म्हणतात, "हं, आता कळंबोलीपर्यंत काळजी नाही." किवळे ते कळंबोली म्हणजे साडेचौऱ्याण्णव किलोमीटर. तेवढं अंतर काकांना खरोखरच कसली काळजी नसते. ती सगळी मागच्यांनी करायची.

नानाकाका हे माझ्या बायकोचे काका. त्यामुळे माझं तोंड बंद. सासरकडचे लोक जावयाला पुढच्या सीटवर मानाने बसवतात, आणि मानाने बसवलेल्या माणसाने गाडी कशी चालवावी हे सांगायचं नसतं. त्याने फक्त "वा, किती स्मूथ!" एवढंच म्हणायचं असतं. मी ते कामशेतच्या बोगद्याआधी एकदा आणि नंतर एकदा म्हणतो.

आता काका कोणी बेशिस्त गृहस्थ असते तर हे लिहायची वेळच आली नसती. ते बँकेत इन्स्पेक्शनला होते. शाखेत शिरले की मॅनेजर उभा राहायचा आणि हेडकॅशियरला घाम फुटायचा. व्हाउचरवरची सही जरा तिरकी दिसली तरी लाल शेरा. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण शेरे मारायची सवय सुटलेली नाही. आता ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये मारतात. गाडीचं पीयूसी संपायच्या आठवडाभर आधी नवं काढून आणतात. सिग्नलला झेब्रा पट्ट्यावर त्यांच्या गाडीचं चाक टेकलेलं कोणी पाहिलेलं नाही. गाडीत बसलेल्या प्रत्येकाच्या, अगदी मागच्या सीटवरच्या काकूंच्याही, पट्ट्याचा 'खट्' आवाज कानाने ऐकल्याशिवाय ते चावी फिरवत नाहीत. काकूंच्या मांडीवर थालीपिठांचा डबा असतो, त्यामुळे त्यांचा खट् जरा उशिरा येतो. काका थांबतात.

अशा माणसाला "तुम्ही नियम मोडताय" हे सांगणार कोण?

मागे काय चाललंय हे काकांना कळायला फारसा मार्गही नाही. गाडीतला आरसा काकूंवर लावलेला असतो. त्यात काकू दिसतात, डबा दिसतो आणि मागच्या काचेवरच्या 'मोरया'ची अक्षरं दिसतात. डावीकडचा आरसा दोन वर्षांपूर्वी पार्किंगमध्ये शेजाऱ्याच्या स्कूटरने फोडला. नवा बसवल्यापासून काकांनी तो मिटूनच ठेवलाय. "उघडा ठेवला की फुटतो," हा त्यांचा अनुभव. आता गंमत अशी, की डावा आरसा मिटलेला असल्यामुळे डावीकडचं काही दिसत नाही, आणि काही दिसत नसल्यामुळे डावीकडे जाणं त्यांना धोक्याचं वाटतं. यात तर्काची चूक काढून दाखवा. मला सापडलेली नाही.

मागून कोणी दिवे दाखवले की त्याचा उजेड काकूंच्या चष्म्यावरून आरशात येतो.

"त्याचे दिवे लागतायत-विझतायत," काका म्हणतात. "वायरिंगचा प्रॉब्लेम असणार. फूड मॉलला भेटला तर सांगायला हवं बिचाऱ्याला."

"अहो, तो जागा मागतोय," काकू.

"जागा? एवढा मोठा रस्ता पडलाय."

हॉर्न वाजला की काका तर आणखीच शांत होतात. "वाजवू दे. त्याची बॅटरी उतरेल." हळूहळू मागे वरात जमते. पुढे आम्ही, मागे एक इनोव्हा, तिच्या मागे एसी बस, मग दोन-चार टॅक्स्या आणि पार मागे कुणा युवा नेत्याची काळी स्कॉर्पिओ. काकांच्या पुढे अर्धा किलोमीटर रस्ता मोकळा. मोकळा रस्ता बघून त्यांना बरं वाटतं. "बघा जावईबापू, उजवीकडे कधी गर्दी नसते," असं ते मला दर वेळी सांगतात. गर्दी का नसते, हे मागे वळून बघितल्याशिवाय कळणार नाही, आणि मागे वळून बघणं हे त्यांच्या मते ड्रायव्हरचं काम नाही.

एकदा टोलचे ३२० रुपये कापल्याचा मेसेज आला तेव्हा, काका जरा हळवे झालेले बघून, मी विषय काढलाच.

"काका, ही उजवी लेन म्हणे फक्त ओव्हरटेक करण्यापुरती असते."

"मग मी काय करतोय? किवळ्यापासून ओव्हरटेकच तर करतोय." त्यांनी डावीकडे बोट दाखवलं. खरंच, दोन लेन पलीकडे एक सिमेंटचा ट्रक मागे पडत होता. "हा एक झाला. पुढे तो टँकर आहे. तो झाला की त्याच्यापुढचा. मध्ये आत घुसायचं आणि परत बाहेर यायचं, हा चाळा सांगितलाय कोणी?"

"पण मागच्याला पुढे जायचं असेल तर?"

"इथे मर्यादा किती?"

"शंभर."

"मी नियमात आहे. ज्याला माझ्यापुढे जायचंय तो नियम मोडणार. मी त्याला त्यात मदत करू?"

"तुम्ही ऐंशीने जाताय काका. ऐंशी आणि शंभरच्या मध्ये वीस उरतात."

"ते राखीव," काका म्हणाले.

इथे मला नानाकाका कळले. भित्रा माणूस हळू चालवतो तो डावीकडून. नवशिका हळू चालवतो तो कुठूनही. काका नवशिके नाहीत की भित्रे नाहीत. काका इन्स्पेक्शनला आहेत. रस्त्यावर कोणी किती वेगाने जावं हे ठरवून ते अमलात आणण्याची जबाबदारी आपल्यावर आहे, असं त्यांना मनापासून वाटतं. मागून येणारा शंभरने येतोय की एकशेवीसने, हे मोजायचं काम हायवे पोलिसांचं, आणि २०२४ पासून एक्स्प्रेसवेवर बसवलेल्या कॅमेऱ्यांचं. काकांकडे तो चार्ज कोणी दिलेला नाही. पण इन्स्पेक्शनच्या माणसाला चार्ज द्यावा लागत नाही. तो घेतो.

एक नियम पाळला की दुसरा मोडायची सवलत मिळते, असा त्यांचा हिशेब. त्यांच्याच बँकेत एखादा शाखाधिकारी म्हणाला असता, की साहेब, कॅश बरोबर आहे, मग लॉकरचं रजिस्टर कशाला बघताय? काकांनी त्याला सोडला नसता. कायदा तर साधाच आहे. १९८९ सालची रस्त्याच्या नियमांची जी पुस्तिका होती तिच्यात अगदी सुरुवातीलाच लिहिलं होतं, की होईल तितकं डावीकडून चालवा. २०१७ साली नवी नियमावली आली, तिनेही आपल्याला उजवीकडे पाठवलं नाही. जुन्या नियमांत आणखी एक मजेशीर कलम होतं: कोणी आपल्याला ओव्हरटेक करत असेल तर आपण वेग वाढवायचा नाही. वाचताना वाटतं, हे काय लिहायची गोष्ट आहे? पण ज्याने कोणी लिहिलं त्याला एखादे नानाकाका नक्की भेटले असणार. कारण कोणी कंटाळून डावीकडून पुढे सरकू लागला की ऐंशीवर खिळलेला काकांचा काटा आपोआप पंच्याण्णवला जातो. तो मागे राहिला की पुन्हा ऐंशी. विचारलं तर म्हणतात, "उतार होता."

वेळेचा मुद्दा काढायची तर सोयच नाही. काका तोंडी हिशेब करणारे. "साडेचौऱ्याण्णव किलोमीटर. ऐंशीने गेलं तर एक तास अकरा मिनिटं, शंभरने गेलं तर सत्तावन्न. किती वाचली? चौदा मिनिटं. चौदा मिनिटं वाचवून ही माणसं मुंबईत काय करणार आहेत? पनवेलला ट्रॅफिकमध्येच उभी राहणार ना?" आकडे अगदी बरोबर आहेत आणि पनवेलबद्दलही ते खोटं बोलत नाहीत. त्यांची चौदा मिनिटं त्यांनी खुशाल घालवावीत. त्या इनोव्हात बसलेल्याची, बसमधल्या चाळीसजणांची आणि त्या युवा नेत्याची चौदा मिनिटं मात्र ते कोणाला न विचारता घालवतात. शिवाय फूड मॉलला वडा खायला उतरले की स्वतः पाऊण तास हलत नाहीत, पण तो मुद्दा मी जावई म्हणून सोडून देतो.

खरं सांगायचं तर हा दोष एकट्या काकांचा नाही. ते गाडी शिकले ते निवृत्तीच्या तोंडावर, कोथरूडच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. शिकवणाऱ्या पोराने पहिल्याच दिवशी गुरुमंत्र दिला: "काका, डावीकडे बघायचंच नाही. दुभाजक धरून चालवा." आणि पुण्याच्या रस्त्यावर त्या मंत्राला तोड नाही. कर्वे रस्त्याला डावीकडे काय असतं? उभ्या केलेल्या गाड्या, बसथांब्याच्या पुढे पंधरा फुटांवर थांबलेली बस, वळणार की नाही हे स्वतःलाच ठाऊक नसलेली रिक्षा, भाजीची हातगाडी आणि उलट दिशेने, मोबाइल कानाला लावून, निवांत येणारा स्कूटरवाला. ताटात मीठ, लिंबू, चटणी डावीकडे आणि पोटभरीची भाजी उजवीकडे वाढतात, तसा काकांचा शहरातला रस्ता झाला: डावीकडे सगळं किरकोळ, चालवण्याजोगं जे काही ते उजवीकडे. लायसनच्या परीक्षेत आठचा आकडा काढून दाखवला की सुटका. तीन लेनच्या रस्त्यावर कुठल्या लेनने जायचं, हे त्यांना ड्रायव्हिंग स्कूलने सांगितलं नाही, परीक्षा घेणाऱ्याने विचारलं नाही. सत्तरीतल्या माणसाला ते एकाएकी रस्त्यावरच्या पाटीने कसं सांगावं?

आणि ट्रकवाल्यांनी तरी लेन कुठे पाळलीय? पाट्या सांगतात की अवजड वाहनांनी डावीकडून जावं. पण पंचेचाळीसने जाणाऱ्या ट्रकला सत्तेचाळीसने जाणारा ट्रक ओव्हरटेक करायला निघतो तेव्हा मधली लेन दोन-तीन किलोमीटर त्याच्या नावावर होते. तिसरा ट्रक या दोघांना ओलांडायला निघाला की मग रस्ता संपला. बोरघाटात हे रोजचं आहे. अशा वेळी काका उजवीकडे असले तर त्यांना कोणी बोल लावू नये. एक मात्र ट्रकवाल्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्यांच्यातला जुना माणूस मागची गाडी बघतो, हात खिडकीबाहेर काढून "जा" म्हणून हलवतो आणि होईल तेवढा सरकतो. त्याचा आरसा उघडा असतो.

पण एकदा सकाळी सहाला निघालो होतो तेव्हाचं काय? डावी लेन मोकळी, मधली मोकळी, कामशेतपर्यंत ट्रक मोजून चार. काका तिसऱ्याच लेनमध्ये. मी म्हटलं, "काका, आज रस्ता रिकामा आहे." ते म्हणाले, "हो ना! म्हणून तर लवकर निघायचं."

काकांचा मुलगा जर्मनीत, श्टुटगार्टला असतो. तिथे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणजे ओव्हरटेकची लेन डावीकडे. काम झालं की मुकाट्याने पुन्हा उजवीकडे यायचं, आणि कोणाला उजवीकडून ओव्हरटेक करायचं नाही, हा तिथला कायदा. त्यांच्या ऑटोबानवर बऱ्याच भागात वेगाची मर्यादाच नाही, १३० ची शिफारस आहे फक्त. तरी सगळं सुरळीत चालतं, कारण मागचा आला की पुढचा सरकतो. ब्रिटनमध्ये २०१३ पासून विनाकारण मधली लेन अडवून बसणाऱ्याला शंभर पौंड दंड आणि लायसनवर तीन पॉइंट लागू शकतात. काका श्टुटगार्टला गेले तेव्हा जर्मनीतलं हे सगळं मुलाने त्यांना गाडीत बसवून, चालवून दाखवलं. एकशेसाठने जाताना मागून काळी गाडी आली, मुलगा लगेच बाजूला झाला, ती गेली, हा पुन्हा डावीकडे आला. दर दोन मिनिटांनी हेच.

काका पुण्याला परतले ते चिंतेत. "पोरगा नोकरीत छान आहे," मला म्हणाले, "पण कणखरपणा राहिला नाही. मागून कोणीही आलं की बाजूला होतो. ऑफिसातही असंच करत असेल."

या सगळ्याला मी हसतो, पण एकदा हसलो नाही. कामशेतचा बोगदा मागे टाकला होता. मागे बराच वेळ एक राखाडी गाडी होती. दिवे दाखवून झाले, हॉर्न झाला. मधल्या लेनमध्ये आमच्या जरा पुढे गॅसचा टँकर. त्या गाडीवाल्याने अंदाज बांधला, की टँकर आणि आमच्या बंपरमधल्या फटीतून तो निघून जाईल. तो डावीकडून आला. नेमका त्याच वेळी आमच्या काट्याला 'उतार' लागला आणि फट अर्ध्यावर आली. माझ्या खिडकीशेजारून ती गाडी गेली तेव्हा मागच्या सीटवरची एक लहान मुलगी काचेला नाक लावून माझ्याकडे बघत होती. तिच्या हातात कुरकुऱ्याचं पाकीट होतं, त्याचा रंगही मला आठवतो. टँकरच्या मागच्या दिव्यापासून वितीवरून गाडी निघाली आणि आमच्यापुढे घुसली. काकांनी ब्रेक मारला. काकूंचा डबा खाली पडला.

"पाहिलंत?" काका म्हणाले. "ही शिस्त! डावीकडून ओव्हरटेक! यांची लायसन्स जप्त केली पाहिजेत."

त्या गाडीवाल्याने चूकच केली होती, प्रश्नच नाही. काकांनी त्याला दुसरा रस्ता ठेवला नव्हता, हेही तेवढंच खरं. मी खाली वाकून थालीपिठं गोळा केली आणि काही बोललो नाही. जावयाचा मान मला त्या दिवशी फार महाग वाटला.

न्याय शेवटी कॅमेऱ्याने केला, आणि तोही भलत्याच कलमाखाली. काकांचा सिद्धांत असा, की गाडीला एकच स्पीड ठेवावा, इंजिनला बरं असतं. त्यामुळे सपाटीला ऐंशी आणि घाटातही ऐंशी. घाटात मोटारींना मर्यादा पूर्वी ५० ची होती, आता ६० आहे, पण काकांनी शंभरचीच पाटी मनात धरलेली. मोबाइलवर ई-चलन आलं: वेगमर्यादा ओलांडली, दंड २,००० रुपये. सोबत फोटो. आयुष्यभर दुसऱ्यांवर शेरे मारलेल्या माणसाच्या नावावर हा पहिला शेरा. घरात सुतक असल्यासारखी शांतता. मी भेटायला गेलो तेव्हा काका भिंग घेऊन फोटो बघत होते.

"गाडी बघा," म्हणाले, "लेन किती सरळ धरलीय. एक फूट इकडेतिकडे नाही."

दंड त्यांनी त्याच दिवशी भरला आणि पावती फाइलला लावली. मग दोन दिवस विचार करून निर्णय घेतला. नियम म्हणजे नियम. घाटात साठ म्हणजे साठ. आणि गाडीला एकच स्पीड ठेवायचा असल्यामुळे, आता किवळ्यापासून कळंबोलीपर्यंत सगळीकडेच साठ.

लेन तीच आहे.

तेव्हा वाचकहो, पुढच्या रविवारी मुंबईला निघणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. पांढरी वॅगन आर, मागच्या काचेवर मोरया, डावा आरसा मिटलेला. दिवे दाखवू नका, तुमच्या वायरिंगची चौकशी होईल. हॉर्न वाजवू नका, बॅटरी तुमचीच आहे. डावीकडून तर मुळीच घुसू नका. थोडं अंतर ठेवून मागे राहा. फूड मॉलची पाटी दिसली की काकू "अहो, चहा" म्हणतील, पण काकांना ते ऐकू येईल वळणाच्या शंभर मीटर आधी. मग इंडिकेटर लागेल आणि ती गाडी तिन्ही लेन आडव्या कापत सरळ डावीकडे जाईल. त्या वेळी तुम्ही डावीकडे असू नका.